आठवड्याचे १६८ तास : स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची घरातील सेवा

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेची व्याप्ती वाढवली. सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण त्यामुळे मिळाले. ज्या घरांतील ज्येष्ठांनी हे 'वय वंदना' कार्ड अद्याप काढले नसेल, त्यांनी ते अवश्य काढावे. मांडीचे हाड मोडले, हृदयविकाराचा झटका आला, मोतीबिंदू काढायचा असला तर या योजनेचा मोठा आधार आहे.

परंतु आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज जो प्रश्न उभा आहे, त्याला हे कार्ड पुरे पडत नाही. आई रात्री दोन वाजता उठून दाराची कडी काढते. वडील आपल्याच घरात बसून 'मला घरी सोडा' म्हणून हट्ट धरतात. जेवण झाल्यावर दहा मिनिटांनी 'मला कोणी जेवायला दिले नाही' अशी तक्रार होते. या माणसाला रुग्णालयातील खाटेची गरज नसते. त्याला दिवसाचे चोवीस तास कोणीतरी सोबत हवे असते. ती सोबत कोणतीही विमा योजना देत नाही. रुग्णालयाच्या दाराशी शासनाची मदत संपते आणि तेथून पुढे घर एकटे पडते. आणि घर एकटे पडते म्हणजे बहुतेक वेळा घरातील एकच व्यक्ती एकटी पडते. त्या व्यक्तीविषयी आणि तिच्या तासांविषयी आम्हांला येथे विचार मांडायचा आहे.

'म्हातारचळ' नव्हे, आजार

आपल्या भाषेत या आजाराला फार जुनी नावे आहेत. 'साठी बुद्धी नाठी' अशी म्हण आहे, 'म्हातारचळ' असा शब्द आहे. या शब्दांनी हसता येते, पण आजार ओळखता येत नाही. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा वाढत्या वयाचा अटळ परिणाम नव्हे. मेंदूच्या पेशींची हानी करणाऱ्या वेगवेगळ्या आजारांमुळे तो होतो. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या विकाराचे वर्णन केले तो त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा होय. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आल्यानेही स्मृतिभ्रंश होतो. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात न ठेवणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो.

देशभरातील ज्येष्ठ नागरिकांच्या पाहणीवर आधारलेले एक अभ्यासपत्र २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात साठ वर्षांवरील शंभर व्यक्तींमागे सुमारे सात जणांना (७.४ टक्के) स्मृतिभ्रंश आहे, एकूण संख्या सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. राष्ट्रीय सरासरी जशीच्या तशी प्रत्येक गावाला लागू होत नाही हे खरे; पण ढोबळ अंदाज घ्यायचा झाला तर ज्या धर्मग्रामात साठीच्या पुढचे पाचशे भाविक आहेत, तेथे पस्तीस-चाळीस घरांत हा आजार असू शकतो. यांतील किती घरे आपल्या धर्मगुरूंना, शेजाऱ्यांना ठाऊक आहेत? लाजेपोटी पुष्कळ कुटुंबे आजाऱ्याला लोकांसमोर आणत नाहीत. तो माणूस प्रथम मिस्साला येईनासा होतो, मग लग्नसमारंभांत दिसेनासा होतो आणि पुढे एखाद्या दिवशी त्याच्या अंत्यविधीची घंटा ऐकू येते.

यास्तव पहिले पाऊल वैद्यकीय तपासणीचे. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. एखाद्या वृद्धाच्या वागण्यात दोन-तीन दिवसांतच अचानक मोठा फरक पडला तर तो बहुधा लघवीतील जंतुसंसर्ग, छातीतील कफ किंवा औषधाचा परिणाम असू शकतो; तेव्हा थांबू नये. 'कोणाची नजर लागली', 'बाहेरचे काही झाले' असे म्हणून महिने वाया घालवणे हा आजाऱ्यावर अन्याय आहे. प्रार्थना जरूर करावी, पण डॉक्टरांची पायरीही चढावी. या आजाराला मुळासकट बरे करणारे औषध आजही नाही. मात्र औषधांनी काही लक्षणे सौम्य होतात आणि योग्य सेवेने आजाऱ्याचे दिवस पुष्कळ सुसह्य होतात. रोग बरा होत नसल्यामुळे घरातील सेवा हाच त्याच्यावरचा मुख्य उपचार ठरतो. आणि तो उपचार काही आठवड्यांचा नसून बहुधा काही वर्षांचा असतो.

भार कोणावर पडतो?

स्मृतिभ्रंशाची सेवा ही इतर आजारांतील सेवेहून वेगळी आहे. अर्धांगवायू झालेला माणूस निदान आपली सेवा कोण करतो हे ओळखतो. येथे ज्या सुनेने सकाळी न्हाऊ घातले, तिच्यावरच दुपारी 'हिने माझी सोन्याची माळ चोरली' असा आळ येतो. तो आळ सासू घेत नसून आजार घेत असतो, हे सुनेला समजावून सांगणारे कोणी नसते. संध्याकाळ झाली की आजाऱ्याची अस्वस्थता वाढते. दिवसा झोप आणि रात्री जाग असा क्रम सुरू होतो. पुढच्या टप्प्यात अंथरूण ओले होऊ लागते, घास गिळता येत नाही, ठसका लागतो. वसईच्या वाड्यांत आणखी एक भय आहे. परसदारी विहीर असते, जवळच बावखल असते. ज्या वाटेने साठ वर्षे रहाटाकडे जाणे झाले, त्या वाटेने पाय आपोआप वळतात. शहरी वस्तीत हेच भय रस्त्याचे आणि रेल्वेच्या रुळांचे असते.

ही जबाबदारी एकत्र कुटुंबात पाच-सात माणसांत आपोआप विभागली जात असे. आज एक मुलगा गावी, दुसरा मिरा रोडला, तिसरा आखातात किंवा कॅनडात अशी घरांची रचना आहे. घरात जी राहते ती सून, अथवा अविवाहित मुलगी, अथवा स्वतः पंचाहत्तरी ओलांडलेली पत्नी. तिला कोणी नेमलेले नसते. ती घरात असते म्हणून तिच्यावर सर्व काही येते. इतर भावंडे रविवारी सफरचंदे घेऊन येतात, तासभर बसतात आणि 'आई बारीक झालीय गं' असे म्हणून जातात. त्या एका वाक्याने त्या घरात किती रडू येत असेल, याची त्यांना कल्पना नसते.

कायद्याची भाषा येथे मासलेवाईक आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा अधिनियम २००७ साली झाला. त्यात मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर निर्वाहाची जबाबदारी आहे. सुनेचा उल्लेख नाही. म्हणजे कायद्याने जिच्यावर कोणतेच बंधन नाही, तीच प्रत्यक्षात रात्री जागते. या अधिनियमाने न्यायाधिकरण दिले, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविण्याची तरतूद केली, वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. २०१९ साली लोकसभेत त्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले. सून व जावई यांना जबाबदार धरण्याचा आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांसाठी दर्जा ठरवण्याचा विचार त्यात होता. ते संमत झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बाद झाले. पण ते संमत झाले असते तरी मूळ प्रश्न राहिलाच असता. कायदा पैसे देववू शकतो. रात्री कोणी जागावे हे तो ठरवू शकत नाही. ते कुटुंबानेच ठरवावयाचे आहे.

चौथ्या आज्ञेचा अर्थ

आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपण लहान मुलांना पाठ करायला लावतो. वस्तुतः ती प्रथम प्रौढांसाठी आहे. सिराकच्या ग्रंथातील तिसरा अध्याय तर थेट आपल्या विषयावर बोलतो. पित्याची बुद्धी ढळली तरी त्याच्याशी धीराने वागावे आणि स्वतःच्या ताकदीच्या जोरावर त्याला तुच्छ लेखू नये, असा त्याचा आशय आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहिताना त्या ज्ञानी लेखकाने वार्धक्यातील गरिबीचा अथवा दुखण्याचा नव्हे, तर बुद्धी ढळण्याचा वेगळा विचार केला, ही लक्षणीय गोष्ट आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू 'कुर्बान'विषयी बोलतो. आईबापांच्या उपयोगी पडले असते ते धन देवाला वाहिले, असे म्हणून काही लोक त्यांची जबाबदारी टाळत. प्रभूने त्यांना खडे बोल सुनावले. आजच्या कुर्बानचे रूप निराळे आहे. 'मी दरमहा पैसे पाठवतो' हे वाक्य कित्येकदा कुर्बान असते. सणासाठी, नोव्हेनासाठी सढळ हाताने देणगी द्यायची आणि आईच्या उशाशी एकही रात्र काढायची नाही, हेही कुर्बानच. पैशांची गरज नाही असे आम्ही म्हणत नाही. पैशांवाचून ही सेवा चालतच नाही. परंतु पैसा हा वेळेच्या जोडीला यावा, वेळेच्या जागी येऊ नये.

दुसरीकडे, क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियामातेला प्रभूने योहानाच्या स्वाधीन केले, हा प्रसंगही आठवावा. अखेरच्या घटकेलाही त्याने आईची व्यवस्था लावली, तिला मोघमपणे सर्वांवर सोपवले नाही. एका ठरावीक माणसाला ठरावीक जबाबदारी दिली आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. 'आम्ही सगळे आहोतच की' असे ज्या घरात म्हटले जाते, तेथे बहुधा कोणीच नसते, हा सर्वांचा अनुभव आहे.

तासांचा हिशेब

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. आजाराचे निदान झाल्यावर सर्व भावंडांनी, परदेशातील असेल तर त्यालाही फोनवर घेऊन, एकत्र बसावे आणि कागदावर आठवडा मांडावा. आठवड्याचे तास १६८. त्यांतील प्रत्येक तासापुढे एक नाव लिहावे.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. आई आजारी आहे. थोरला मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू तिच्यासोबत राहतात. मुलगी तासाभराच्या अंतरावर दिली आहे. धाकटा मुलगा परदेशात आहे. सकाळी आठ ते रात्री आठ अशी सहा दिवस पगारी बाई ठेवली. तिचे ७२ तास झाले. पुष्कळ कुटुंबांना वाटते, आता प्रश्न सुटला. पण अजून ९६ तास उरतात : सात रात्रींचे ८४ आणि रविवारच्या दिवसाचे १२. बाई ठेवल्यानंतरही अर्ध्याहून अधिक आठवडा शिल्लक राहतो, आणि आज तो सारा गुपचूप सुनेच्या नावावर लिहिला गेलेला असतो.

आता वाटणी करून पाहू. मुलगी शनिवारी रात्री आठ वाजता माहेरी येऊन रविवारी रात्री आठपर्यंत थांबली, तर २४ तास झाले. उरलेल्या सहा रात्रींपैकी तीन मुलाने घ्याव्यात, दोन सुनेने, आणि शुक्रवारची एक नातवाने. ३६, २४ आणि १२. बेरीज पूर्ण झाली. 'रात्र घेणे' म्हणजे त्याच खोलीत झोपणे, हाक आली की उठणे आणि इतरांना निर्धास्त झोपू देणे. धाकट्या मुलाने बाईचा पगार आणि औषधांचा खर्च उचलावा. वार्षिक सुटीत गावी येईल तेव्हा निम्मी सुटी फिरण्यात न घालवता सलग दोन-तीन आठवडे आईचा पूर्ण भार घ्यावा आणि भाऊ-वहिनीला घराबाहेर पाठवावे. प्रत्येक नावापुढे एक पर्यायी नावही असावे, कारण बाई येणार नाही असा दिवस नक्की येणार.

हा तक्ता प्रत्येक घरात असाच बसेल असे नाही. कोठे एकच अपत्य असेल, कोठे मुलाची पाळी रात्रीची असेल. तक्ता बसला नाही तरी मांडण्याचा लाभ होतोच. कारण एका माणसाच्या नावापुढे ९६ तास लिहिलेले सर्वांना दिसतात. जे बोलून दाखवणे सुनेला जड जाते, ते कागद सांगतो. दर तीन महिन्यांनी हा कागद पुन्हा काढावा, कारण आजार वाढत जातो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. आपल्याकडे जमिनीला सोन्याचे मोल आले आणि भावंडांत वाटण्यांचे वाद वाढले. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ सालापासून मुलगा आणि मुलगी यांत भेद करत नाही. मृत्युपत्र नसेल तर दोघांना सारखाच वाटा. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि आई आजारी पडली की 'तू मुलगी आहेस, तुझी माया वेगळी' असे म्हणून त्यांनाच बोलावले जाते. जमिनीच्या वाटणीत जे आपला हिस्सा इंचाइंचाने मोजतात, त्यांनी आईच्या रात्रीही मोजाव्यात. त्याचप्रमाणे ज्या बहिणींनी वाटा घेतला आहे, त्यांनी 'हे सुनेचे काम' असे म्हणू नये.

पगारी मदतनीस : आधार आणि जबाबदारी

मुंबई आणि उपनगरांत ब्युरोमार्फत आया, मावशी किंवा वॉर्डबॉय मिळतात. बारा तासांची पाळी आणि चोवीस तासांची, असे दोन प्रकार असतात. चोवीस तासांची बाई ठेवली की कोणीही जागायला नको, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कोणताही माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. आजारी रात्री चार वेळा उठत असेल, तर त्या बाईला दिवसा झोप मिळालीच पाहिजे. तेवढे तास घरातील कोणीतरी घ्यावे लागतात. आठवड्याची सुटीही तिला हवीच.

बाई ठेवण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. तिने स्मृतिभ्रंशाचा रुग्ण पूर्वी सांभाळला आहे काय? न्हाऊ घालणे, भरवणे, डायपर बदलणे ही कामे तिची, की स्वयंपाक आणि भांडीही तिच्याकडेच? ब्युरो किती पैसे कापून घेतो आणि तिच्या हाती किती पडतात? ती आली नाही तर ब्युरो दुसरी पाठवणार का, आणि किती वेळात? पोलिसांकडील पडताळणी करून घ्यावी. दागिने आणि रोकड पहिल्याच दिवशी कुलपात ठेवावी. तो बाईवर अविश्वास नसून तिचे संरक्षण आहे, कारण आजारी व्यक्ती चोरीचा आळ उद्या तिच्यावर घेणारच आहे. पहिले आठ दिवस घरातील कोणीतरी तिच्यासोबत राहावे आणि आईला काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणत्या नावाने हाक मारलेली रुचते, हे तिला सांगावे.

ही स्त्री स्वतःचे घर, बहुधा स्वतःची लेकरे आणि कधी स्वतःचे म्हातारे आईवडील सोडून आपल्या दारी येते. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. कायद्याची वाट न पाहताही ख्रिस्ती घराला आपले कर्तव्य माहीत आहे. मजुराची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे आक्रोश करते, हे याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आपल्याला बजावतो. वेळेवर पगार, घरच्यांसारखेच जेवण, झोपायला नीट जागा आणि सन्मानाची हाक, एवढे तिला मिळालेच पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी मुली परिचारिका होऊन परक्या देशांत इतरांच्या आईवडिलांची सेवा करतात. तेथे त्यांना जशी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटते, तशीच आपण येथे द्यावी.

कागदपत्रे वेळेवर करावीत

आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतो तेव्हा आजाऱ्याला पुष्कळ गोष्टी कळत असतात. त्याच काळात त्याच्या इच्छेने व्यवहार मार्गी लावावेत. बँकेतील खाते संयुक्त करणे, नामनिर्देशन तपासणे, मृत्युपत्र करायचे असल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह करणे ही कामे लांबणीवर टाकू नयेत. पुष्कळांना वाटते, कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की झाले. पण आपल्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागू शकते. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सूचना दिल्या आहेत. त्याचा लाभ मागावा.

ज्या ज्येष्ठांनी 'मुले सांभाळतील' या अटीवर घर किंवा वाडी बक्षीसपत्राने दिली आणि ती अट पाळली गेली नाही, त्यांना २००७ च्या अधिनियमातील कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. म्हणून सांभाळण्याची अट दस्तऐवजात स्पष्ट लिहावी. ज्येष्ठांवर अन्याय होत असल्याचे कोणाला आढळले तर १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहे.

केरळचा धडा आणि आपला धर्मग्राम

घराने आपला वाटा उचलला तरी काही तास उरतातच. त्या तासांसाठी शेजार लागतो. या बाबतीत केरळने देशाला वाट दाखवली आहे. कोझिकोड येथे १९९३ साली वेदनाशमन व परिहार सेवेची एक संस्था सुरू झाली. पुढे त्यातूनच शेजाऱ्यांच्या स्वयंसेवी गटांचे जाळे उभे राहिले. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या घरी पाठवायचे, आणि त्यांच्या पाठीशी परिचारिका व डॉक्टर उभे करायचे, अशी ती रचना आहे. २००८ साली केरळ शासनाने परिहार सेवेचे धोरणच जाहीर केले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी काम करणारी 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही राष्ट्रीय संस्थाही १९९२ साली केरळातच स्थापन झाली.

यांतील कोणती गोष्ट आपल्याला अशक्य आहे? लघु ख्रिस्ती समूहांचे जाळे आपल्याकडे आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसे घरोघरी जातातच. सेवानिवृत्त परिचारिका आणि शिक्षिका गावोगावी आहेत. धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातील बहुतेक सकाळी रिकामे असते. पंधरा माणसांनी आठवड्याला दोन-दोन तास दिले तर तीस तास होतात. त्यांत दहा घरांतील सेवेकरी स्त्रियांना प्रत्येकी तीन तास मोकळे मिळतात. तीन तासांत बाजार होतो, डॉक्टरांकडे जाता येते, किंवा नुसती झोप काढता येते. स्वयंसेवकांनी शक्यतो जोडीने जावे, आजाऱ्याच्या पैशांना व कागदपत्रांना हात लावू नये, आणि त्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, एवढी पथ्ये आरंभीच घालून द्यावीत.

धर्मगुरूंकडूनही या घरांच्या काही अपेक्षा आहेत. आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार हा केवळ मरणशय्येवरचा संस्कार नव्हे. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे धोका सुरू होताच तो घेता येतो. भान असताना ज्याने हा संस्कार निदान अप्रत्यक्षपणे मागितला असता, त्याला तो द्यावा, असे धर्मसभेच्या कायद्याचे १००६ वे कलम सांगते. म्हणजे आजाऱ्याला 'कळत नाही' या कारणास्तव त्याला टाळण्याची गरज नाही. शक्य असेल तर आजार लवकरच्या टप्प्यात असताना, त्याला अर्थ कळत असताना तो द्यावा. घरी ख्रिस्तप्रसाद नेताना प्रार्थना छोटी आणि ओळखीची असावी. कालचे नाव विसरलेल्या माणसाच्या ओठांवर लहानपणची प्रार्थना आणि गीत पुष्कळदा शाबूत असते. जे आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्या बालपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. एखादे जुने लॅटिन गीत कानी पडताच त्यांच्यापैकी कोणी सुरात सूर मिळवू लागले, तर नवल वाटू नये.

आणि जी स्त्री आजाऱ्याला एकटे सोडता येत नाही म्हणून रविवारी मिस्साला येऊ शकत नाही, तिने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. गंभीर कारणामुळे ही बांधिलकी सुटते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथच सांगतो. ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्याने आजाऱ्याबरोबर तिलाही तो द्यावा, आणि निघताना 'तुम्ही कशा आहात?' असे तिला विचारावे. तिला तो प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

कधी अशी वेळ येते की घरात सेवा करणे खरोखरच शक्य होत नाही. सेवा करणारीच अंथरुणाला खिळते, आजारी हिंसक होतो, किंवा घरात दुसरे कोणी उरतच नाही. तेव्हा चांगल्या, सेवाभावी वृद्धाश्रमाचा आधार घेणाऱ्या कुटुंबाला गावाने नावे ठेवू नयेत. मात्र तेथे ठेवल्यानंतरही भेटीचा तक्ता हवाच. आईवडिलांना जागा बदलून देता येते. मुलांना आपले मुलगेपण वा मुलगीपण दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी जागतिक दिन सुरू केला. संत योआकीम आणि संत अ‍ॅना यांच्या सणाच्या सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो पाळला जातो. अनेक ठिकाणी त्या दिवशी ज्येष्ठांचा सत्कार होतो, गुलाबाचे फूल दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्यांना चर्चपर्यंत येताच येत नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी काय व्हावे? आमचे नम्र सुचवणे असे आहे की, येत्या ज्येष्ठ दिनाच्या आधी प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील अशा घरांची यादी करावी आणि त्या रविवारी त्या घरातील सेवेकऱ्याला निदान अर्धा दिवस सुटी मिळवून द्यावी. त्याही आधी, ज्या घरात हा आजार आहे तेथील भावंडांनी येत्या रविवारच्या मिस्सानंतर एक कोरा कागद घेऊन आईच्या शेजारी बसावे. ती कदाचित त्यांची नावे सांगू शकणार नाही. ती नावे त्यांनी स्वतःच त्या कागदावर, एकेका रात्रीपुढे लिहावीत. या सेवेत जागणाऱ्या सर्व लेकी-सुनांना, मुलांना आणि मावश्यांना प्रभू बळ देवो, हीच प्रार्थना.